नाशिकमध्ये हौशी पूल लीग : आठवड्याचे शुल्क किती असावे आणि ते नेमके कुठे जाते?

गोदाकाठचा क्यू

नमस्कार. पावसाळा संपल्यावर नाशिकमध्ये पूल (काठीने टेबलावरचे चेंडू खिशांत पाडण्याचा, बिलियर्ड्ससारखा खेळ) या खेळाच्या एट-बॉल प्रकाराची आठ संघांची लीग सुरू करावी, असा विचार कॉलेज रोड, इंदिरानगर आणि नाशिकरोड भागांत नियमित खेळणाऱ्या आम्हा काही जणांमध्ये चालू आहे. खेळाडू मिळतील की नाही याची मला चिंता नाही. चिंता आहे ती पैशांची. काही वर्षांपूर्वी शहरात अशीच एक लीग झाली होती आणि तीत मी खेळलो होतो. ती अर्ध्यात बंद पडली, पण भांडण खेळावरून झाले नव्हते. कोणत्या संघाने किती भरले, हॉलला किती दिले गेले आणि बक्षिसासाठी काय उरले, यांपैकी काहीही कागदावर नव्हते. त्यामुळे या वेळी हिशेब आधी उघड मांडतो आहे. जाणकारांनी तो निर्दयपणे तपासावा.

आठ संघ एकमेकांशी एकदाच खेळले, तर सात फेऱ्या आणि २८ सामने होतात. प्रत्येक सामन्यात पाच एकेरी लढती असतील आणि तीन फ्रेम (डाव) आधी जिंकणारा ती लढत जिंकेल. एका लढतीत सरासरी चार फ्रेम आणि हौशी खेळाडूंची एक फ्रेम बारा मिनिटांची धरली, तर एका सामन्याला एक टेबल चार तास लागते. म्हणजे साखळीसाठी ११२ तास, आणि दोन उपांत्य सामने व अंतिम सामना यांचे १२ तास मिळून एकूण १२४ तास. टेबलाचा दर तासाला २०० रुपये धरू या. प्रत्यक्ष दर हॉलप्रमाणे बदलेल, पण गणित कळण्यासाठी एक आकडा हवा. यानुसार टेबलांचे २४,८०० रुपये होतात. चषक आणि पदकांसाठी ६,०००, चॉक, गुणपत्रके आणि छपाईसाठी १,२००, आणि वेळापत्रक व निकाल सांभाळणाऱ्या व्यक्तीला मानधन म्हणून ४,००० रुपये धरले, तर एकूण खर्च ३६,००० रुपयांवर जातो. प्रत्येक संघाने दर फेरीला ६५० रुपये भरले, तर ३६,४०० रुपये जमतात.

यात रोख बक्षीस नाही, हे मी मुद्दाम केले आहे. मानधनाबद्दल मात्र मतभेद होतील अशी अपेक्षा आहे. सेवाभावाने काम करणारा माणूस तिसऱ्या आठवड्यापासून फोन उचलत नाही, असे माझे निरीक्षण आहे, म्हणून ती रक्कम मी आधीच लिहून ठेवली.

चॉकपावडर

हिशेब स्वच्छ आहे, पण बक्षिसाशिवाय लीगला रंगत कशी येणार? दर फेरीला १,००० रुपये घ्या. ५६,००० जमतील, खर्च वजा जाता २०,००० रुपये उरतील आणि विजेत्या, उपविजेत्या संघांना देण्याजोगे काही तरी हातात राहील. दर आठवड्याला संघातील पाच जणांनी प्रत्येकी २०० रुपये द्यायचे आहेत. हल्ली एका सिनेमाला याहून जास्त जातात.

हिरवे कापड

कॉलेज रोडवर माझा छोटा हॉल आहे, त्यामुळे मी पलीकडच्या बाजूने बोलतो.

गोदाकाठचा क्यू यांनी टेबलाचा दर धरला आहे, पण त्या दरात काय काय येते हे बहुतेक खेळाडूंना ठाऊक नसते. जागेचे भाडे आणि व्यापारी दराचे वीजबिल हे उघड खर्च झाले. त्याखेरीज कापड असते. चांगले वूस्टेड (घट्ट विणीचे लोकरी) कापड आयात केलेले असते, आणि ज्या ठिकाणाहून ब्रेक (सुरुवातीचा फटका) होतो व ज्या ठिकाणी रॅक (चेंडूंची त्रिकोणी मांडणी) लागतो तिथे ते आधी झिजते; बाकी टेबल उत्तम असले तरी त्या दोन जागांसाठी पूर्ण कापड बदलावे लागते. पावसाळ्यात हवेतला ओलावा कापडात उतरतो, चेंडू जड चालतात आणि गिऱ्हाईक मलाच विचारते की टेबल असे का झाले. चेंडूंचेही तसेच. बेल्जियममध्ये बनणारे फेनॉलिक रेझिनचे अरामिथ चेंडू महाग पडतात, पण कितीतरी जास्त काळ टिकतात. स्वस्त चेंडू लवकर घासले जातात आणि कापडही खराब करतात. टेबल नऊ फुटी असेल तर आतील स्लेट तीन तुकड्यांची असते, आणि ती पातळीत ठेवायला अधूनमधून कारागीर बोलवावा लागतो.

आता लीगचा मुद्दा. संध्याकाळी सात ते अकरा हीच माझी कमाईची वेळ आहे. त्या वेळेत चार टेबले एका लीगला दिली, तर रोज येणारी कॉलेजची मुले परत जातात, आणि एकदा दुसऱ्या हॉलची सवय लागली की ती परत येतीलच असे नाही. त्यामुळे ‘जितके तास खेळू तितकेच पैसे देऊ’ या अटीवर मी टेबले अडवून ठेवणार नाही. त्याउलट, मंगळवार किंवा बुधवारची संध्याकाळ पूर्ण हंगामासाठी ठरवून घेतली, सामना झाला नाही तरी पैसे मिळतील असे लेखी दिले आणि रक्कम दर फेरीच्या आधी जमा केली, तर मी तासाला १६० रुपये लावीन. परीक्षांच्या दिवसांत संध्याकाळही रिकामी जाते, तेव्हा याहूनही कमी करता येईल.

आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे हॉलमध्ये ‘हरेल तो टेबल भरेल’ ही रीत रुजलेली आहे. लीगमध्ये ती अजिबात चालू देऊ नका. कमकुवत संघ दर आठवड्याला हरतो आणि वर टेबलाचेही पैसे भरतो, मग तो पुढच्या महिन्यात दिसत नाही.

सातासमुद्रापारचा नाशिककर

मी मूळचा पंचवटीचा, सध्या अमेरिकेत राहतो आणि इथे लीग खेळतो. इथला हिशेब कसा चालतो हे सांगितले तर कदाचित उपयोग होईल, कारण तो जसाच्या तसा नाशिकला लागू होणार नाही, असे मला वाटते.

इथली सर्वांत मोठी हौशी संघटना म्हणजे अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन, म्हणजेच एपीए. टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९७९ मध्ये तिचा पाया घातला, आणि तिचे मुख्यालय मिसूरी राज्यातील लेक सेंट लुई येथे आहे. सभासद सुमारे अडीच लाख. ही संघटना फ्रँचायझी पद्धतीने चालते. म्हणजे एखाद्या भागाची लीग चालवण्याचा हक्क स्थानिक चालकाकडे असतो आणि तेच त्याचे उपजीविकेचे साधन असते. खेळाडू वर्षाला सभासद शुल्क भरतो आणि संघ दर आठवड्याला ठरलेले शुल्क भरतो. या साप्ताहिक शुल्कातून चालकाचा खर्च आणि उत्पन्न, राष्ट्रीय कार्यालयाचा वाटा आणि बक्षिसांचा निधी निघतो. लास व्हेगासमधील अंतिम स्पर्धेसाठी पात्र ठरलेल्या संघांना प्रवासाला मदत मिळते तीही यातूनच. म्हणजे मानधन हा इथे वादाचा विषय नाही. तो पूर्ण वेळचा व्यवसाय आहे.

मात्र खरा फरक टेबलाच्या पैशात आहे. इथे लीगचे बहुतेक सामने बारमध्ये, नाणे टाकून चालणाऱ्या सात फुटी टेबलांवर होतात. टेबल बऱ्याचदा बारमालकाचे नसतेच. ते पुरवणाऱ्या व्यावसायिकाचे असते आणि पेटीत जमलेली नाणी दोघे वाटून घेतात. एरवी ओस पडणाऱ्या मंगळवारी दोन संघ, म्हणजे दहा ते सोळा माणसे, तीन-चार तास बसतात, खातात आणि पितात, यातच बारमालकाला त्याचा मोबदला मिळतो. काही बार लीगच्या रात्री टेबल फुकटही खुले ठेवतात. व्हॅली या टेबल बनवणाऱ्या कंपनीच्या पाठबळावर व्हीएनईए नावाची वेगळी लीग संघटना उभी राहिली, तीही याच कारणाने : लीग चालली की नाणी पडतात.

नाशिकच्या हॉलमध्ये चहा, थंड पेय आणि फार तर मॅगी विकली जाते. तिथे टेबलाचा तास हाच विकायचा माल आहे. त्यामुळे अमेरिकेत जो खर्च गल्ल्यावर निभावतो, तो तुमच्याकडे पूर्णपणे खेळाडूंच्या खिशातून जाईल. आपल्याकडे बिलियर्ड्स आणि स्नूकर वाढले ते जिमखान्यांमध्ये, जिथे टेबलाचा खर्च सभासदांच्या वर्गणीत मुरतो. ती सोयही पार्लरमध्ये खेळणाऱ्यांना नाही. एपीएच्या संकेतस्थळावरचे शुल्क पाहून कोणी ‘तिथे एवढ्यात भागते, मग इथे का नाही’ असे विचारले, तर त्याला हे सांगा.

एक गोष्ट मात्र इथून जरूर घ्या. साप्ताहिक शुल्क संघाचे असते, हजर खेळाडूंचे नसते. संघात आठ जणांची नावे असतात, त्यांतले पाच खेळतात. चारच आले तरी शुल्क पूर्ण भरावे लागते. संघ आलाच नाही, तरीही ते त्याच्या नावावर चढते.

दुसरी पाळी

आमचा संघ अंबडच्या कंपन्यांमध्ये काम करणाऱ्यांचा आहे. पाळ्या दर आठवड्याला बदलतात, त्यामुळे आठपैकी पाच जण मोकळे असतीलच याची खात्री देता येत नाही. तीन जणच आले आणि तरी ६५० रुपये भरायचे, तर प्रत्येकी दोनशेच्या वर जातात. आणि चॉकपावडर साहेबांनी सांगितलेले १,००० केले, तर आम्ही नाव देणार नाही. आम्हाला खेळायचे आहे, दुसऱ्याच्या बक्षिसाची वर्गणी भरायची नाही.

जमाखर्च

व्यवसायाने लेखापाल आहे, खेळ मात्र यथातथाच. दुसरी पाळी यांची अडचण खरी आहे, पण तिचा उपाय शुल्काच्या रचनेत नाही, संघाच्या आतल्या व्यवस्थेत आहे. आठही जणांनी हंगामाच्या सुरुवातीला समान वाटा द्यावा, मग कोणत्या आठवड्यात कोण खेळले याला महत्त्व उरत नाही. सात फेऱ्यांचे ४,५५० रुपये आठ जणांत वाटले, तर माणशी ५७० रुपयांच्या आसपास येतात, आणि तेवढ्यात पूर्ण हंगाम होतो. भिशीत जसा नंबर लागो न लागो, हप्ता चुकत नाही, तसे हे समजावे.

आता मूळ हिशेबात न आलेला प्रश्न : एखादा संघ मध्येच बाहेर पडला तर काय? समजा तीन फेऱ्यांनंतर एक संघ गेला. उरलेल्या चार फेऱ्यांचे त्याचे २,६०० रुपये बुडाले. त्या प्रत्येक फेरीत ज्याला बाय मिळाला, म्हणजे प्रतिस्पर्धीच उरला नाही, तो संघ म्हणणार की आम्ही खेळलोच नाही, तर शुल्क कशाचे; त्याचेही एकूण २,६०० गेले. म्हणजे येणे ५,२०० रुपयांनी घटले. टेबलाचे पैसे तासावर द्यायचे असतील तर चार सामन्यांचे १६ तास, म्हणजे ३,२०० रुपये वाचतात आणि निव्वळ फटका २,००० वर थांबतो. पण हिरवे कापड यांच्या प्रस्तावाप्रमाणे टेबले ठरवून घेतलेली असतील, तर काहीच वाचत नाही आणि पूर्ण ५,२०० रुपयांचा खड्डा पडतो.

यावरून तो प्रस्ताव वाईट आहे, असे मात्र कोणी समजू नये. १६० रुपयांच्या दराने १२४ तासांचे १९,८४० होतात, इतर ११,२०० मिळवले की खर्च ३१,०४० वर येतो. शुल्क ६५० च ठेवले तर ५,३६० रुपये शिल्लक राहतात, म्हणजे वरचा पूर्ण खड्डा त्यातून भरून निघतो. शुल्क कमी करण्याचा मोह टाळा आणि ही रक्कम राखीव ठेवा. हंगाम नीट पार पडला, तर शेवटच्या दिवशी तिचे काय करायचे हे संघांनी ठरवावे. बक्षीस द्यायचे तर तेव्हा द्या. आधी जाहीर केलेले बक्षीस हे देणे असते आणि न जमलेले शुल्क हे केवळ येणे असते, यातला फरक आयोजकाला फार महागात पडू शकतो.

व्यवहाराबद्दल थोडे. पैसे कोणा एकाच्या वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका, कारण काही दिवसांतच त्याच्या किराणा-पेट्रोलात ते मिसळून जातात आणि हेतू चांगला असूनही हिशेब जुळत नाही. दोघांच्या सहीने चालणारे वेगळे खाते ठेवा आणि दर फेरीनंतर जमा, खर्च व शिल्लक गटावर टाका. लीग वर्षानुवर्षे चालवायची असेल तर संस्थेची नोंदणी करता येते. त्यासाठी किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याबरोबरच १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही लागू होतो, म्हणजे दरवर्षी लेखापरीक्षण आणि धर्मादाय कार्यालयाकडे कागदपत्रे आली. पहिल्याच हंगामासाठी एवढा व्याप वाढवण्याची गरज मला दिसत नाही. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपयांची आहे, त्यामुळे लीगला तो प्रश्न येत नाही. हॉल नोंदणीकृत असेल तर मात्र ठरलेला दर करासहित आहे की कर वेगळा, हे आधीच लिहून घ्या.

चॉकपावडर

राखीव निधीचा मुद्दा पटला. तरी निदान अंतिम सामन्यात दोन्ही संघांनी आपापसांत काही रक्कम लावली, तर त्याला कोणाचा आक्षेप असू नये. पूल हा कौशल्याचा खेळ आहे आणि कायद्याने कौशल्याच्या खेळाला मोकळीक आहे.

जमाखर्च

१८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळणारे कलम १३ आहे, हे खरे. पण बाकावर बसलेल्यांनी सामन्याच्या निकालावर पैसे लावले, तर ते खेळतच नसल्यामुळे कौशल्याचा आधार त्यांना कसा घेता येईल? हॉलला परवान्यावर चालायचे असते आणि तक्रार झाली तर ती आधी हॉलमालकाच्या दारात येते. लीगच्या नियमांत पैजेला स्पष्ट मनाई लिहावी, असे माझे मत आहे.

हिरवे कापड

लिहाच. नसेल तर मी टेबले देणार नाही.

इंदिरानगरची

बक्षीस आणि हँडिकॅप (कमी-जास्त ताकदीचे खेळाडू बरोबरीत यावेत म्हणून केलेली सोय) यांचा संबंध कोणी मांडला नाही, म्हणून लिहिते. नवशिक्या खेळाडूंनी दर आठवड्याला पैसे भरत राहावे असे वाटत असेल, तर त्यांना जिंकण्याची शक्यता दिसली पाहिजे. म्हणजेच हँडिकॅप हवा, आणि तो लीगच्या आर्थिक तब्येतीचाही भाग आहे. एपीएमध्ये एट-बॉलसाठी खेळाडूला २ ते ७ अशी पातळी देतात आणि मैदानात उतरणाऱ्या पाच जणांच्या पातळ्यांची बेरीज २३ च्या वर जाऊ देत नाहीत. पाचही तगडे खेळाडू एकत्र आणून लीग लुटण्याची वाट त्यामुळे बंद होते.

पण रोख बक्षीस मोठे असले की मुद्दाम हरून पातळी खाली ठेवण्याचे प्रकार सुरू होतात, आणि ते पकडायला मानधनावरचा एक माणूस पुरणार नाही. चषक आणि पदके एवढ्यावर पहिला हंगाम काढा. महिला खेळाडू हव्या असतील तर सामने अकराच्या आत संपतील असे बघा. बारा वाजता कॉलेज रोडहून इंदिरानगरला परतण्याचा रिक्षाखर्च आणि घरची बोलणी, दोन्ही आम्ही आमच्या हिशेबात धरतो.

दुसरी पाळी

समान वाट्याची कल्पना संघात सांगितली, सगळ्यांना पटली. एक विनंती अशी की सगळे सामने कॉलेज रोडला ठेवू नयेत. आमचे तिघे नाशिकरोडला राहतात आणि तिथले आणखी दोन संघ येणार आहेत. निम्मे सामने तिकडे झाले तर सोयीचे होईल.

हिरवे कापड

हरकत नाही, पण चारऐवजी दोनच टेबले जाणार असतील तर १६० परवडणार नाही. दोन टेबलांना १८० लावीन. लहान घाऊक, लहान सवलत. बाय मिळालेल्या संघाला त्या चार तासांत ठरलेल्या टेबलावर सराव करता येईल, त्याचे वेगळे पैसे नाहीत. म्हणजे त्या आठवड्याचे शुल्क वाया गेले, असे कोणाला म्हणता येणार नाही.

गोदाकाठचा क्यू

सर्वांचे आभार. नाशिकरोडच्या एका हॉलशी बोललो, तेही दोन टेबलांसाठी १८० ला तयार आहेत. दर करासहित आहे, हे दोन्हीकडून लेखी घेतो आहे. आता नवा हिशेब असा : १२४ तासांचे २२,३२०, इतर ११,२००, एकूण ३३,५२०. शुल्क ६५० च राहील आणि २,८८० रुपये राखीव उरतील. दोन ठिकाणांची सोय आपल्याला २,४८० रुपयांना पडते, म्हणजे दर संघाला दर फेरीला सुमारे ४४ रुपये. माझ्या मते नाशिकरोडच्या संघांचा प्रवास पाहता ते योग्य आहे.

पण राखीव निधी घटल्यामुळे दोन नियम सैल ठेवता येणार नाहीत. पहिला, बायच्या आठवड्यातही शुल्क भरावे लागेल. दुसरा, प्रत्येक संघाने २,६०० रुपये अनामत ठेवावी. हंगाम पूर्ण केला की परत मिळेल, मध्येच सोडला तर जप्त. सामने सात वाजता सुरू होतील आणि साडेदहानंतर नवी लढत सुरू होणार नाही. उरलेली लढत पुढच्या फेरीच्या आधी त्या दोघांनी आपल्या खर्चाने खेळावी. रोख बक्षीस आणि पैज नाही. खाते दोघांच्या सहीचे असेल, त्यातली एक सही माझी नसेल असे मी सुचवतो, कारण मानधनाचे काम मी घेतले तर माझेच बिल मीच मंजूर केल्यासारखे होईल. दुसऱ्या सहीसाठी जमाखर्च यांनी नाव द्यावे, ही विनंती.

आतापर्यंत सहा संघांनी होकार कळवला आहे. सहाच राहिले तर पाच फेऱ्या आणि १५ सामने होतील, टेबलांचे तास ७२ वर येतील. पण चषक, छपाई आणि मानधन तेवढेच राहत असल्याने प्रत्येक संघावरचा दर फेरीचा भार सुमारे ८०० रुपयांवर जाईल. त्यामुळे उरलेले दोन संघ शोधणे हे सध्या सगळ्यात मोठे आर्थिक काम आहे. सातपूर आणि सिडकोकडे कोणाच्या ओळखी असतील तर सांगा.

जमाखर्च

सही करीन, पण पासबुक दर फेरीनंतर मला दिसले पाहिजे.

दुसरी पाळी

सिडकोच्या एका संघाशी उद्या बोलतो. आमच्याकडून अनामत मान्य आहे. फक्त पगार सात तारखेला होतो, तर ती दोन हप्त्यांत घेता येईल का?

गोदाकाठचा क्यू

चालेल. पहिला हप्ता पहिल्या फेरीआधी, दुसरा तिसऱ्या फेरीच्या आधी, आणि ही सवलत मागणाऱ्या प्रत्येक संघाला सारखीच.